मंद

शिक्षकाच्या तोंडी काही शब्द असे बसलेले असतात की, ते उच्चारताना आपण काही बोलत आहोत याचेही त्याला भान राहत नाही. 'शांत बसा', 'पुढे वाच', 'हात खाली कर' हे त्यांतले निरुपद्रवी शब्द. माझ्याजवळ आणखी एक शब्द होता. तो मी तोंडाने फारसा उच्चारीत नसे. प्रगतिपुस्तकात शेरा म्हणून लाल शाईने लिहीत असे. तो शब्द म्हणजे 'मंद'. आकलन मंद, लेखन मंद, गती मंद! साठ प्रगतिपुस्तके एका रात्रीत उरकायची असली म्हणजे दोन अक्षरांचा शब्द किती उपयोगी पडतो, हे शिक्षकालाच ठाऊक.

यंदा आषाढात हाच शब्द मी माझ्या संगणकाला उद्देशून उच्चारला. त्यातून जे घडले ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

प्रथम माझ्याविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. मी मॅट्रिक झालेला माणूस. म्हणजे दहावीच, पण आमचे वडील त्या परीक्षेला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, म्हणून मलाही तोच शब्द जवळचा वाटतो. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी नोकरीला लागलो. शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेला फारसा भाव नसतो, तेव्हा पाचवी ते सातवीचे मराठीही माझ्याच गळ्यात पडले. उरलेल्या वेळात मी कादंबऱ्या लिहितो. आजवर चार लिहिल्या. त्यांतल्या दोन लोकांनी वाचल्या, असे प्रकाशक म्हणतात, आणि त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवणे मला परवडण्यासारखे नाही.

पाचवी कादंबरी मी संगणकावर लिहायला घेतली होती. हा संगणक मी २०१९ साली एका दुकानदाराकडून सुटे भाग जुळवून घेतलेला. टेबलाखाली त्याची काळी पेटी, टेबलावर पडदा आणि कळफलक. पाच-सहा वर्षे त्याने इमानेइतबारे चाकरी केली. मग कन्येने त्याच्यावर नवी कार्यप्रणाली चढवली, तिच्या अभ्यासाच्या चार खिडक्या त्यात कायमच्या उघड्या राहू लागल्या, आणि बिचाऱ्याची चाल बदलली. मी 'क' टाइप करावा आणि तो पडद्यावर उमटेपर्यंत पुढचे वाक्य विसरून जावे, असे होऊ लागले. पेटीवरचा तांबडा दिवा धाप लागल्यासारखा एकसारखा लुकलुकत असे. आणि एका पावसाळी रात्री, नायिका माहेर सोडून निघण्याच्या ऐन वेळी, गावातली वीज गेली. अकरा पाने लिहून झाली होती. वीज आली तेव्हा त्यांतले एक अक्षरही जागेवर नव्हते!

"मंद आहे नुसता!" मी त्या पेटीकडे पाहत ओरडलो.

"अहो, हळू," सौ. आतून म्हणाली, "शेजाऱ्यांना वाटेल, कुणा विद्यार्थ्यालाच बोलताहात."

दुसऱ्या दिवसापासून मी संगणकाचा अभ्यास सुरू केला. मॅट्रिकच्या माणसाने स्वतःच्या बळावर केलेला अभ्यास जसा असतो तसाच तो होता: उत्साह अमाप आणि पाया कच्चा. संगणकाच्या पोटात रॅम नावाची एक पट्टी असते, तीच त्याची स्मृती, आणि तिच्यावर वेगाचा आकडा छापलेला असतो, एवढे मला कळले. तेव्हा मी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि माझ्या पट्टीचा वेग तपासला. पावतीवर स्वच्छ २४०० लिहिलेले, आणि इथे पाहतो तो आकडा होता १२००!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धा वेग! दुकानदाराने भर दिवसा मला अर्ध्याने फसवले होते, आणि मी त्याला लाडवांचा पुडा नेऊन दिला होता. ते दुकान केव्हाच बंद झाले होते, म्हणून भांडण टळले. मग गेल्या कादंबरीचे जे मानधन आले होते, त्यातून मी घरबसल्या आठ जीबीची एक नवी पट्टी मागवली. वेग ३२००! आता बघतो, म्हटले, कोण मंद राहतो ते.

पट्टी आली. पण पेटी उघडायचे धैर्य होईना. तेव्हा ती खिशात घालून मी एस.टी. स्टँडाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान कसले, दहा बाय दहाचा गाळा. आत एक तिशीतला तरुण भिंग लावून कसल्याशा हिरव्या फळीवर वाकला होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिले, आणि भिंग काढून चटकन उठून उभा राहिला.

"सर! बसा की."

मी त्याला ओळखले नाही. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "एक्केचाळीस नंबर, सर."

आणि मला सारे आठवले. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. हजेरीपटातला त्याचा क्रमांकच पुरे आहे. खरे सांगायचे तर, त्या दिवसांत मी तरी त्याला नावाने कुठे हाक मारीत होतो? २००५ साल असावे. सातवीच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा एक काटकुळा मुलगा. त्याला प्रश्न विचारला की तो उठून उभा राही, खाली बघे, आणि गप्प राही. मी मनात एक म्हणे, दोन म्हणे, आणि "बस खाली, पुढचा!" असे म्हणून मोकळा होई. साठ मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास. एकासाठी किती थांबणार? त्याच्या प्रगतिपुस्तकात मी कोणता शेरा लिहिला होता, हे वाचकांना सांगायला नकोच.

मी जरा चाचरतच खिशातून पट्टी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "संध्याकाळी घरी येतो सर. पेटी उचलून तुम्ही कशाला आणताय?"

संध्याकाळी तो आला. चपला बाहेर काढून, हात-पाय धुऊन आत आला. पेटी उघडण्याआधी त्याने संगणक सुरू करून मला एक आलेख दाखवला. चार जीबीपैकी जवळजवळ सगळी जागा भरलेली होती.

"सर, तुमचा संगणक मंद नाही," तो म्हणाला. "त्याला जागा नाही."

"अरे, जागा कशी नाही? चांगली एक टेराबाइटची मेमरी आहे म्हणून तर घेतला मी!"

तो पुन्हा गप्प झाला. माझ्या ओठांवर "पुढचा!" आलेच होते, पण खोलीत दुसरे कोणी नव्हते. थोड्या वेळाने तो सावकाश बोलू लागला. एक टेराबाइट ही चकती. तिच्यावर लिहिलेले वीज गेली तरी राहते. पण काम करताना संगणक चकतीवर काम करीत नाही. लागेल ते तिथून उचलून रॅमच्या पट्टीत आणतो, आणि तिथे हाताळतो. पट्टी भरली, की आत्ता नको असेल ते पुन्हा चकतीवर नेऊन ठेवतो, आणि लागले की परत आणतो. तो तांबडा दिवा लुकलुकतो तो या ये-जा करण्यामुळे.

"म्हणजे आमचा ओटा!" दारात उभी असलेली सौ. एकदम म्हणाली.

आम्ही दोघेही तिच्याकडे पाहू लागलो.

"दिवाळीला बघा ना. फळकुटाएवढा ओटा. त्यावर परात ठेवली की सोऱ्याला जागा नाही, सोऱ्या ठेवला की पोळपाटाला नाही. मग एक डबा माळ्यावर ठेवा, दुसरा काढा, शिडी लावा, शिडी काढा. चकल्या तळण्यापेक्षा शिडी चढण्यातच जीव जातो. गेली पंधरा वर्षं हेच सांगतेय यांना. तेव्हा मला म्हणतात, तुझा हात मंद आहे!"

"अगदी बरोबर, काकू," तो म्हणाला. हसला नाही, गंभीरपणे म्हणाला. "आणि हा माळा लई लांब आहे." त्याने सांगितले की, रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साऱ्या सव्यापसव्यासह सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात असे धरले, तर फिरत्या चकतीवरून ती शोधून आणायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एका नॅनोसेकंदात सेकंदाचा अब्जावा भाग. मी कागदावर भागाकार केला. चकतीचा फेरा लाखपट मोठा! म्हणजे ओट्यावरची हळद उचलायला जर एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरची हळद आणायला जवळजवळ २८ तास. एवढ्या वेळात माणूस कृष्णाकाठाहून पंढरपूरला जाऊन, विठ्ठलाचे दर्शन घेऊन, निवांत परत येईल. आणि माझा संगणक हे 'क' आणि 'का' यांच्यामध्ये करीत होता!

"मग माझी अकरा पानं कुठं गेली?"

"ती ओट्यावरच होती सर. तुम्ही अजून माळ्यावर ठेवली नव्हती."

मग त्याने मला रॅमच्या आतले जे सांगितले, ते ऐकून मी थक्क झालो. त्या पट्टीत प्रत्येक एकक किंवा शून्य विजेच्या एका अतिसूक्ष्म साठ्यात राहते; साठा भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६८ साली या रचनेचे पेटंट मिळवले, आणि आजही पट्ट्यांचा गाभा तोच आहे. पण हा साठा झिरपतो. फुटक्या रांजणासारखा सारखा रिता होत राहतो. म्हणून संगणक दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक साठा वाचून पुन्हा भरतो. वीज गेली की हे भरणे थांबते, आणि स्मृती संपते. आम्ही लहानपणी संध्याकाळी देवापुढे बसून पाढे म्हणत असू, ते कशासाठी, हे मला त्या क्षणी नव्याने कळले. न म्हटलेला पाढा झिरपून जातो.

आता मी माझे गाऱ्हाणे पुढे केले. "आणि त्या दुकानदारानं मला फसवलं ते? २४०० चे पैसे घेऊन १२०० ची पट्टी?"

तो पुन्हा थांबला. मग विचारले, "सर, दोघांनी ओढायची मोठी करवत बघितलीय तुम्ही?"

बघितली होती. आमच्या गावी ओंडके कापणारे दोघे जण ती दोन्हीकडून धरीत.

"ती जाताना पण कापते आणि येताना पण कापते. हेलपाटे मोजले तर बाराशे, काप मोजले तर चोवीसशे. या पट्टीचं तसंच. घड्याळाचा ठोका चढताना एकदा माल देते, उतरताना एकदा देते. तुमचा प्रोग्रॅम हेलपाटे मोजतोय, पावतीवर काप लिहिलेत. दोन्ही आकडे दशलक्षांत. दुकानदार खरा होता, सर."

मी मनातल्या मनात त्या दुकानदाराची क्षमा मागितली. लाडवांचा पुडा वाया गेला नव्हता.

"बरं, जुनी राहू दे. ही नवी तर ३२०० ची आहे ना? ती तरी वेगानं चालेल?"

तो इतका वेळ गप्प राहिला की, मला उत्तराची कल्पना आली. "नाही सर. हिला २४०० नंच चालावं लागंल. तुमचा प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा आय-थ्री. तो २४०० पर्यंतच बोलतो. शिवाय शेजारी जुनी पट्टी तेवढ्याच चालीची. दोन पट्ट्या एकत्र बसवल्या की, जिची चाल कमी तिच्या चालीनं दोघी चालतात."

माझा चेहरा पडला असावा, कारण तो घाईने म्हणाला, "वाया नाही गेली सर. आठ आणि चार, बारा जीबी होतील. त्यातले पहिले आठ जोडीनं चालतील, बैलजोडीसारखे. राहिलेले चार एकटे. ओटा तिप्पट होतोय. तुम्हाला तेच पाहिजे होतं. वेगाच्या आकड्यानं तुमच्या कामात फारसा फरक पडला नसता."

"असं कसं? आकडा वेगाचाच आहे ना?"

मग त्याने टेबलावरचा एक जुना पेपर घेतला, घटक चाचणीचा, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहू लागला. ते मी अजून जपून ठेवले आहे.

"सर, याला दोन वेग असतात. एक, विचारल्यावर पहिलं उत्तर यायला किती वेळ लागतो तो. आणि दुसरा, एकदा उत्तर सुरू झालं की किती भराभर येतं तो. पुडक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो दुसरा. पहिला बारीक अक्षरात असतो, तो कुणी वाचत नाही."

त्याने माझ्या नव्या पट्टीवरचा बारीक आकडा दाखवला: २२. म्हणजे मागितल्यावर बावीस ठोके थांबायचे, मग माल येऊ लागायचा. ३२०० च्या पट्टीचे ठोके सेकंदाला १६०० दशलक्ष. तेव्हा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. बावीस ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. मग त्याने तिच्याआधीच्या पिढीतली एक नेहमीची पट्टी घेतली, १६०० ची. तिचे ठोके सेकंदाला ८०० दशलक्ष, थांबायचे ठोके अकरा, आणि एक ठोका १.२५ नॅनोसेकंदाचा.

मी गुणाकार केला. १३.७५. चुकले असेल म्हणून पुन्हा केला. १३.७५!

"आणि याच्या लई आधीची, २००३ च्या सुमाराची, ४०० ची पट्टी. तीन ठोके, पाच-पाच नॅनोसेकंदांचे. पंधरा."

म्हणजे वीस वर्षांत आकडा ४०० वरून ३२०० वर गेला, आठपट झाला, पण पहिले उत्तर यायला लागणारा वेळ जवळजवळ होता तिथेच राहिला. वाढला तो ओघ. ४०० ची पट्टी सेकंदाला ३.२ अब्ज बाइट देई, ३२०० ची २५.६ अब्ज देते. माझ्या २४०० च्या जुन्या, 'मंद' पट्टीचा ओघही १९.२ अब्जांचा होता. मी सहज हिशेब केला. माझी कादंबरी चार लाख अक्षरचिन्हांची. यूनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, तेव्हा सारी कादंबरी बारा लाख बाइटांची. त्या बिचाऱ्या पट्टीतून ती सेकंदाला सोळा हजार वेळा वाहून गेली असती. आणि मला ती लिहायला तीन वर्षे लागली होती! आमच्या दोघांत मंद कोण, हे आता उघडच होते.

पण मला हसू आले नाही. मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. 'विचारल्यावर पहिलं उत्तर यायला लागणारा वेळ' आणि 'उत्तर सुरू झाल्यावरचा ओघ'. गेला तासभर माझ्यासमोर हेच तर चालले होते! मी काही विचारावे, त्याने गप्प राहावे, खाली पाहावे. आणि मग जे उत्तर यावे ते असे स्वच्छ, असे नेमके, की वीस वर्षे शिकवूनही मला तसे समजावता आले नसते. सातवीतही तो असाच गप्प राहत असे. त्या गप्पपणाच्या पलीकडे काय होते, हे मी कधी पाहिलेच नाही. मी दोन ठोक्यांतच पुढच्या बाकावर गेलो होतो.

त्याने वायर काढली, पेटी आडवी ठेवून उघडली, आणि आधी तिच्या लोखंडाला हात लावला. अंगातली स्थिर वीज उतरून जावी म्हणून. जुनी पट्टी दोन्ही बाजूंचे खटके मागे सारून बाहेर काढली. तिच्या खालच्या कडेला २८८ सोनेरी टोके असतात. त्यांवर काळपट थर बसला होता.

"सर, खोडरबर आहे?"

चित्रकलेच्या शिक्षकाच्या घरात खोडरबर नसेल तर काय असेल? मी दिला. तो सोनेरी कडेवरून अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने खोडरबर फिरवू लागला. मी पाहतच राहिलो. बोटांची ती पकड माझ्या ओळखीची होती.

मी पाहतोय हे त्याच्या लक्षात आले. "तुम्हीच शिकवलंय, सर," तो मान वर न करता म्हणाला. "घासायचं नाही. कागदाला कळलं नाही पाहिजे. दुकानात पोरांना मी हेच सांगतो."

आता मात्र मला राहवेना. मी म्हणालो, "अरे, सातवीत मी तुझ्या प्रगतिपुस्तकात..."

"आठवतंय सर."

तो थांबला. खोडरबरही थांबला. या वेळी मी मनात ठोके मोजले नाहीत.

"आईला वाचता येत नव्हतं," तो म्हणाला. "तिनं विचारलं, सरांनी लाल शाईनं काय लिहिलंय? मी सांगितलं, चित्रकला चांगली आहे असं लिहिलंय. तिनं ते पुस्तक देवाजवळ ठेवलं होतं."

खोलीत कोणी काही बोलले नाही. त्याची चित्रकला खरोखरच चांगली होती, हे मला तेव्हा आठवले. चित्र वेळेत पुरे होत नसे, म्हणून मी गुण कापीत असे.

त्याने जुनी पट्टी परत बसवली. शेजारच्या खाचेत नवी बसवली. पट्टीच्या कडेला मधोमध नव्हे, जरा एका अंगाला, एक खाच असते. ती खालच्या उंचवट्याशी जुळली तरच पट्टी आत जाते. मागच्या पिढीची पट्टी इथे बसवायला गेले तर जातच नाही, कारण तिची खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर करायचा नाही, जुळवून पाहायचे. दोन्ही अंगठ्यांनी दाबताच खटके 'खट्' करून आपोआप मिटले.

वायर जोडली. बटण दाबले. पंखा फिरू लागला, आणि पडदा मात्र काळाच राहिला. पाच सेकंद गेले. दहा गेले. संगणक आपण होऊन बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. पडदा काळाच.

"गेला!" मी ओरडलो. "बंद कर, बंद कर! बिघडला!"

त्याने बटणाकडे गेलेला माझा हात हळूच धरला.

"थांबा, सर. नवीन पट्टी आलीय. त्याला तिचा अंदाज घ्यावा लागतो. कोणत्या चालीनं चालायचं, किती थांबायचं, ते तो स्वतः ताडून बघतो. पहिल्यांदाच एवढा वेळ लागतो. आत्ता मध्येच बंद केलं, तर पुन्हा पहिल्यापासून."

आम्ही थांबलो. तो, मी, आणि दारात पदर खोचून उभी असलेली सौ. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. फार तर अर्धे मिनिट असेल. आणि मग पडदा उजळला.

संगणक आता चांगला चालतो. तांबडा दिवा क्वचितच लुकलुकतो, आणि 'क' म्हटले की 'क' उमटतो. दर चार ओळींनी लिहिलेले माळ्यावर ठेवण्याची सवयही मला लागली आहे. नायिका सुखरूप माहेर सोडून निघाली. ओटा वाढवण्याचे कामही दिवाळीपूर्वी व्हायचे आहे; त्याविषयी घरात माझी तारीख लागलेली आहे.

मेरी बड रो नावाच्या एक अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होत्या. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो, हे त्यांनी १९७० च्या सुमारास मोजले. तो सरासरी एक सेकंदाच्या आसपास भरला. तोच वेळ त्यांनी तीन सेकंदांवर नेला, तेव्हा उत्तरे लांबली, आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते ती मुलेही बोलू लागली. हे मी कुठल्याशा प्रशिक्षणवर्गात ऐकले होते, वहीत उतरवूनही घेतले होते. पण ते चकतीवर पडून होते. ओट्यावर आले ते आता. हल्ली मी वर्गात प्रश्न विचारतो आणि खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहत उभा राहतो. सुरुवातीला मुले एकमेकांकडे पाहून हसत. आता त्यांना सवय झाली आहे. मला अजून पुरती झालेली नाही.

गणपतीत तो आमच्याकडे दर्शनाला आला. बरोबर त्याची सहा वर्षांची मुलगी होती. सौ.ने तिच्या हातावर मोदक ठेवला. मी विचारले, "काय गं, नाव काय तुझं?"

तिने मोदकाकडे पाहिले. मग गणपतीकडे. मग आपल्या पायांकडे. काही बोलेना. तिचा बाप संकोचून तिला पुढे लोटणार, तोच मी त्याला हाताने खूण केली.

आम्ही सगळे थांबलो. समईची वात जराशी हलली.

मग तिने नाव सांगितले. आडनाव सांगितले. शाळा सांगितली, बाईंचे नाव सांगितले, मांजराचे सांगितले, आणि मोदक हातात तसाच धरून ती जी बोलू लागली, ती आरतीची वेळ झाली तरी थांबेना.